ओट्यावरची ओली पावलं

॥ श्री ॥

मु. सावरटेक, पो. उंद्री, ता. चिखली
दि. २० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सुधाकरचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी तुझी तब्येत विचारली आणि तू मला तुरीचा भाव सांगितलास, तेव्हाच ठरवलं की यापुढे आपलं जमायचं ते पत्रावरच. कानाचं यंत्र डब्यात ठेवायचं आणि फोन कानाला लावायचा, हा तुझा प्रकार वयाला शोभतो. पण निम्मं ऐकून उरलेलं निम्मं तू स्वतः रचतेस आणि देऊळगाव राजाभर सांगतेस. पत्रात तेवढी सोय नाही.

इकडे सगळं ठीक. सूनबाई अनुपमाचा गुडघा बरा आहे, दीपक सकाळी चिखलीला कामावर जातो तो दिवेलागणीला येतो. माझा खोकला दिवाळीपासून पाहुण्यासारखा राहिला आहे. त्याच्यामुळेच भाऊबीजेला मी येऊ शकलो नाही आणि ओवाळणी घेऊन रेवतीला पाठवलं. नात आल्यामुळे तुझा फायदाच झाला असं ऐकतो. तिने तुझ्या माळ्यावरची भांडी उतरवून घासली म्हणे. आमच्याकडे ती स्वतःचं ताट उचलत नाही.

आता मुख्य गोष्ट. सोळा डिसेंबरला विजय दिवस. शाळेपुढच्या ओट्यावर दरवर्षीप्रमाणे एकाहत्तरच्या युद्धात गेलेल्या आपल्या गोकुळला मानवंदना आहे. समितीचा अध्यक्ष अजून मीच. आधीचे अध्यक्ष वारले तेव्हा सभेत मी तेवढा डुलक्या घेत होतो, म्हणून एकमताने निवडून आलो. मंडप आणि लाऊडस्पीकर फकीर मोहम्मदचा, चहा अनुपमाचा, अध्यक्षीय भाषण माझं. ओट्यावर चढण्याआधी पाय धुवायची गोकुळच्या आईने घातलेली रीत तशीच चालू आहे. बादली भरून ठेवायला आणि तांब्या हातात द्यायला आता अन्नपूर्णाबाई असतात. बाहत्तर वर्षांची बाई, ओटा बांधल्यापासूनच्या एकोणपन्नास वर्षांत एकदाही मंचावरच्या खुर्चीवर बसली नाही. नवऱ्याच्या नावाचा दगड आणि पाण्याची बादली यांच्या मधोमध आपली खुर्ची टाकून बसतात.

भाषणात माझ्या सपाट पायांचा किस्सा असतोच. एकोणसत्तर साली मी आणि गोकुळ बुलडाण्याला भरतीला गेलो, डॉक्टरांनी माझे तळवे पाहिले आणि म्हणाले, हे पाय सीमेवर नकोत, फळ्यापुढेच बरे. आणि सगळ्यांत मोठ्याने गोकुळच हसला. चाळीस वर्षं सांगतो आहे, चाळीस वर्षं टाळ्या पडतात. आता तर मी नुसता चष्मा पुसला तरी पोरं हसायला लागतात.

एक काळजी मात्र आहे. रेवतीने सैन्यात जायचं मनावर घेतलं होतं, हे तुला माहीत आहेच. पहाटे उंद्रीच्या रस्त्याने धावायची. मी शिट्टी आणि घड्याळ घेऊन मोटारसायकलवर मागून जात असे. दोनदा मीच मागे पडलो, कारण पेट्रोल संपलं होतं. पण तुझ्याकडून परत आल्यापासून पोरीने धावणं बंद केलं आहे. विचारलं तर म्हणते, मन नाही. अर्ज भरायची शेवटची तारीख वीस डिसेंबर. तिच्याशी तुझं काही बोलणं झालं होतं का?

कार्यक्रमाला यावंस. लोभ आहेच, तो माझं भाषण ऐकूनही टिकला आहे, तर आणखी एक वर्ष टिकावा.

तुझा,
सुधाकर

*

देऊळगाव राजा
दि. २८ नोव्हेंबर २०२४

चि. सुधाकरास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुरीचा भाव मी सांगितला कारण तू तोच विचारलास. असो.

मी येऊ शकणार नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, महिनाभर धुळीत जायचं नाही. हे पत्र उजव्या डोळ्याने लिहिते आहे, तेव्हा ओळी तिरक्या आल्या तर तो डोळ्याचा दोष, माझा नाही.

आता रेवतीचं ऐक. तुला आधीच कळवायचं होतं, पण म्हटलं, तुझ्या पत्रात तू होऊन विचारतोस का ते बघावं. भाऊबीजेच्या दिवशी पोरगी न्हाणीतून निघाली ती तशीच ओल्या पायांनी माझ्या शहाबादी फरशीवर चालत गेली, मग मागे फिरून वाकून स्वतःचीच पावलं बघत बसली. मी म्हटलं, फरशी पुसायची तर फडकं घे, नुसतं बघून ती वाळायची नाही. तर डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाली, आत्याआजी, आपल्या घराण्यात सपाट पाय आजोबांचेच का, आणखी कोणाचे? तिला तिची पावलं मधे जरा भरल्यासारखी दिसतात. पाय तुझ्याकडून आलेत, रक्तातच आहेत, मग भरतीला जाऊन सगळ्यांसमोर परत यायचं कशाला, असं तिचं म्हणणं. डॉक्टरला दाखव म्हटलं तर तेही नको म्हणाली. डॉक्टर जे सांगतील ते ऐकायची भीती.

मी गप्प बसले. सत्याहत्तर वर्षांत मी इतकी गप्प पहिल्यांदाच बसले असेन.

कारण भरतीच्या त्या दिवशी चारच्या बसने तू घरी आलास तो मला अजून दिसतोस. कोणत्याही डॉक्टरने तुझे तळवे पाहिले नव्हते. पाणी पिऊन येतो असं गोकुळला सांगून तू बाकावरून उठलास आणि थेट चिखलीच्या बसमध्ये बसलास. ओसरीत येऊन तू सहा भाकरी खाल्ल्यास आणि मग रडलास. भाकरी आधी आणि रडणं नंतर, हे मला तेव्हाही विशेष वाटलं होतं. बाबा शेतातून यायच्या आत काहीतरी सांगणं भाग होतं. मासिकात मी वाचलं होतं की सपाट तळव्यांची माणसं सैन्यात घेत नाहीत. ती युक्ती माझी. तू फक्त चाळीस वर्षं तिचा तमाशा लावलास. आणि बाबांनी गोकुळला विचारलं तेव्हा तो बिचारा सरळ म्हणाला, हो काका, पायामुळंच.

तेव्हापासून तू घरातसुद्धा चपला घालून फिरतोस. तुझी बायको गेली बिचारी, पण तिला शेवटपर्यंत वाटायचं की तुला फरशी बाधते.

तेव्हा सांगायचं ते तुलाच सांगायचं आहे. मी सांगणार नाही. युक्ती माझी असली तरी पाय तुझे आहेत.

खोकल्याला अडुळशाचा काढा घे, सोबत पुडी पाठवते आहे. माया आहे तशीच आहे, पण वीस तारखेनंतर तिची हमी देत नाही.

तुझी,
ताई

*

सावरटेक
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सहा नव्हत्या, चार भाकऱ्या होत्या. बाकी सगळं बरोबर आहे.

सांगायचा प्रयत्न मी केला, हे आधी नोंदवून ठेव. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी रेवतीला जवळ बसवलं आणि म्हटलं, बेटा, माणसाच्या पायांचं काय असतं, की... आणि मग मी बदकाच्या पायांबद्दल बोललो. बदकाचे पाय सपाट असतात, तरी ते उत्तम पोहतं. पस्तीस वर्षं शाळेत काढली त्याचा हा उपयोग. पोरीने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता ही माझ्या डोक्याच्या डॉक्टरांना फोन करणार.

दुसऱ्या दिवशी तिला शेतावर नेलं. मनात होतं, हरभऱ्यात कोणी ऐकणार नाही. तिथेही हरभऱ्यावरच्या अळीबद्दल अर्धा तास बोलून परत आलो. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिली आणि तिच्या पुस्तकात ठेवली, आणि ती आंघोळीला गेली तेव्हा काढून घेतली. माणूस एकदा बसमध्ये बसला की आयुष्यभर उतरत नाही बहुतेक.

तुला वाटेल, नातीपुढे कसली लाज. नातीपुढे नाही गं. तिला सांगितलं की अनुपमाला कळणार, अनुपमाकडून गल्लीला, आणि गल्लीकडून अन्नपूर्णाबाईंना. ज्या बाईचा नवरा त्या बाकावर बसून राहिला, तिला कळणार की त्याच्या शेजारचा पळाला होता आणि पळाला ते पळाला, वर दरवर्षी तिच्या नवऱ्याच्या दगडापुढे उभा राहून त्यावर टाळ्या घेतो. रेवतीचं भविष्य आणि माझी अब्रू अशी दोन पारडी आहेत. कोणतं जड हे लहान पोरालाही कळेल. मला कळून आठवडा झाला, आणि मी अजून बदकांबद्दल बोलतो आहे.

शेवटी काल फकीर मोहम्मदच्या गोदामावर गेलो. तो मंडपाचे बांबू मोजत होता. त्याला सगळं सांगितलं. पन्नास वर्षांत ही गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला सांगितलेली ही पहिलीच वेळ. त्याने मोजणं थांबवलं नाही. बांबू संपल्यावर म्हणाला, की गुरुजी, माइकवर सांगतलेली गोष्ट माइकवरच वापस घ्या लागते. कानात सांगतली तं कानातच राह्यते. पोरगी मानून घेईन, पन गावातले लोक तिले भरतीच्या दिवसापर्यंत सपाट पायाची नात म्हनत राह्यतील. मी म्हटलं, अरे, मला जमायचं नाही. तर म्हणाला, काऊन नाई जमनार? आवाज म्या वाढवून ठेवतो, तुमी फक्त तोंड उघडा.

तर असं ठरलं आहे. म्हणजे त्याने ठरवलं आहे. सोळा तारखेला माझा खोकला वाढावा अशी प्रार्थना मी करतो आहे, आणि तू पाठवलेल्या काढ्याच्या पुडीने तो नेमका बरा होत चालला आहे.

आशीर्वाद पाठव. नेहमीचे नकोत, जाड पाठव.

तुझा,
सुधाकर

*

सावरटेक
दि. १७ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. कसं झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर तू मधलं रचशील.

सकाळी नऊला सगळे जमले. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, आपल्याकडचे दीपक-अनुपमा, आणि रेवती दुसऱ्या रांगेत, ओढणीत तोंड घालून. अन्नपूर्णाबाई बादलीजवळ आपल्या खुर्चीवर. मी चपला काढल्या, त्यांनी तांब्या दिला, पाय धुतले, ओट्यावर चढलो, दगडावर फुलं ठेवली, खाली उतरून चपला घातल्या. दरवर्षीचंच. मग फकीर मोहम्मदने माइकमध्ये दोनदा फुंकर मारून मला बोलावलं.

चष्मा पुसला तशी पोरं हसायला लागली. मी म्हटलं, आज पायांची गोष्ट खरी सांगणार आहे. आणखी हसले. मी म्हटलं, माझे पाय कोणी तपासलेच नाहीत. पाणी पिऊन येतो म्हणून बाकावरून उठलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. ताई, टाळ्या पडल्या. सरपंचांना तर हसून ठसका लागला; त्यांना वाटलं यंदा गुरुजींनी नवा किस्सा बसवला. आयुष्यात एकदा खरं बोललो तर त्यालाही टाळ्या. पुन्हा सांगितलं. अजून हसले. मग फकीर मोहम्मदने खरोखरच आवाज वाढवला, आणि तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज असा काही फुटला की समोरच्या झाडावरचे बगळे उठून गेले. तेव्हा कुठे गप्प झाले. मग मी उरलेलं सांगितलं. माझ्या घरात सपाट पाय कोणाचेच नाहीत, आणि माझी नात ज्या पायांना भिते आहे ते पाय मी स्वतःच्या भीतीवर चढवले होते.

रेवतीने वर पाहिलं. पण तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, तिच्यासाठी आजोबा सगळ्यांसमोर खोटं बोलतायत. चाळीस वर्षांचा किस्सा माझ्या एका सकाळपेक्षा वजनदार निघाला.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई उठल्या. फकीर मोहम्मद माइक घेऊन धावला तो त्यांनी हाताने बाजूला केला. खड्या आवाजात म्हणाल्या, की गुरुजी खरं बोलून राह्यले. पाय पाहा ना त्याईचे. मग मला म्हणाल्या, चपला काढा. मी काढल्या. त्यांनी स्वतः तांब्याने माझ्या पायांवर पाणी ओतलं. मी मागे सरलो, तर म्हणाल्या, उभे राह्या, आता कुटं चालले? आणि मला ओट्यावर चढवलं.

काळ्या दगडावर पाऊल उमटलं. टाच, बोटं, आणि मधे बाजूने एक बारीक रेघ. एवढी कमान, की खालून मुंगी टोपी घालून गेली असती. अन्नपूर्णाबाई रेवतीला म्हणाल्या, की पाह्य माय, एकोनपन्नास वर्ष झाले, दरसाल इथं बसून म्या हेच पाय पाह्यते. हे सपाट असन तं माही चाळनी पान्याचं भगोनं हाये.

ताई, विचार कर. ज्या पायांसाठी मी घरात पन्नास वर्षं चपला घातल्या, त्याच पायांनी दर सोळा डिसेंबरला भर उन्हात, सगळ्या गावासमोर, ओली सही करून येत होतो. आणि सही तपासणारी बाई दोन हातांवर बसलेली होती.

रेवती ओट्याशी गुडघ्यावर बसली, माझं पाऊल वाळेपर्यंत पाहत होती. मग चपला काढून तिने आपलं पाऊल शेजारी उमटवलं. तिचं माझ्याहून भरलेलं आहे, ते खरं. पण मधे जागा आहे. तिने ती बोटाने मोजली.

आता यापुढचं फक्त तुला लिहितो. हे देऊळगावभर सांगू नकोस.

सगळे चहाकडे गेल्यावर मी अन्नपूर्णाबाईंची माफी मागायला बादलीपाशी गेलो. विचारलं, माहीत होतं तर इतकी वर्षं मला लोकांना हसवू का दिलंत? त्या म्हणाल्या, की या दिवशी कोनीतरी हसाव लागते गुरुजी. नाई तं लोकं नुसते माह्या तोंडाकडे पाह्यतात. आणि गोष्ट पायांवरून त्यांना कळलेली नव्हतीच. गोकुळ पहिल्या सुटीत आला तेव्हा त्यानेच सांगितली होती. माझ्यावर हसला नव्हता तो, ना त्या दिवशी, ना नंतर. तो म्हणाला होता, की सुधाकर परत येत नाही हे कळलं तेव्हा तोही उठला होता. दोन पावलं टाकली, आणि त्याचा नंबर पुकारला गेला.

मग त्या म्हणाल्या, की एकच इचारायचं होतं तुमाले. रागानं नाई इचारत. उठतानी त्याईले काऊन नाई म्हनलं, चालतं का बे म्हनून? ते आले असते.

ताई, या प्रश्नाला भाषणातलं वाक्य चालणार नव्हतं. जे होतं ते सांगितलं. त्याला विचारलं असतं तर मी पळतोय हे त्याला कळलं असतं, आणि मला त्याची लाज वाटली. तेवढंच. त्या म्हणाल्या, बरं. मग बादलीतलं उरलेलं पाणी त्यांनी ओट्याकडेच्या जास्वंदीला घातलं आणि तांब्या माझ्या हातात दिला, की एवढा घरापर्यंत पोचवा. त्यांच्या घरापर्यंत मी तांब्या घेऊन मागे चाललो. अनवाणीच गेलो, चपला ओट्याशी राहिल्या हे घरी आल्यावर कळलं.

अर्ज अजून भरलेला नाही. आज सकाळी मात्र पाच वाजता दार वाजलं. मी उठेपर्यंत पोरगी फाट्यापर्यंत गेली होती.

आता तू माझ्यावर पूर्वीइतकाच लोभ ठेवशील की थोडा कमी, ते तूच ठरव. कमी केलास तर आकडा कळव.

तुझा,
सुधाकर

*

सावरटेक
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याआजीस,
रेवतीचा शि. सा. न.

आजोबा म्हणाले, यावेळी पत्र तू लिही, म्हणजे ताई माझ्या अक्षरावरून माझी तब्येत ओळखणार नाही. तब्येत उत्तम आहे. घरात अनवाणी फिरतात आणि फरशी किती गार आहे ते दिवसातून दहादा सांगतात, जणू ही फरशी कालच बसवली आहे.

अर्ज एकोणीस तारखेलाच भरला होता. चिखलीला डॉक्टरांना पाय दाखवले. उभी राहिले की कमान जराशी दबते, टाचा उचलल्या की नीट दिसते. त्यांच्या मते अडचण येऊ नये, पण शेवटचा शब्द भरतीच्या डॉक्टरांचा. म्हणजे परत यावं लागलंच तर माझ्या पायांनी येईन, आजोबांच्या नाही. एवढं मला पुरे आहे. रोज धावते. वेळ आता फकीर मोहम्मदचाचा लावतात. आजोबांना फक्त पाण्याची बाटली धरायला ठेवलं आहे.

तुम्ही युक्ती काढली होती हे आजोबांनी सांगितलं. मी रागावलेली नाही. पण मासिकं वाचणं कमी करा.

भरतीच्या मैदानावर मला सोडायला आजोबा येणार आहेत. बाबांनी खूप सांगितलं की मी नेतो, तर ऐकेनात. म्हणाले, मला त्या बाकावर पूर्ण दिवस बसायचं आहे, माझं अर्धवट राहिलंय. ही गोष्ट गावात पसरली, तशा परवा अन्नपूर्णाआजी घरी आल्या. आल्या त्या सरळ आजोबांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, की मीबी येते. पोरीची काळजी नाई मले, ते तं धावून येईन. बाकावर तुमच्या बाजूले म्या बसते. अन् एक आयका गुरुजी, या बारीनं पानी प्यायले उठान तं मले इचारून उठा.

आजोबा हो म्हणाले. मग चहा करायला म्हणून उठले, दारापर्यंत गेले, थांबले, मागे वळले आणि त्यांना विचारलं, चालता का.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. तुमच्या मायेतला माझा वाटा आजोबांना देऊ नका.

तुमची,
रेवती